कृपादानांची पारख : करिंथपासून केडगावपर्यंत

रविवारी सकाळी महाराष्ट्रातल्या तीन उपासनांना हजेरी लावली, तर ‘पवित्र आत्म्याची दाने’ हे शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी कानावर पडतात. अहिल्यानगरच्या जुन्या मिशन-परंपरेतल्या मंडळीत ते बहुधा सेवेच्या संदर्भात येतात. संडे स्कूल घेणारी ताई, हार्मोनियमवर नारायण वामन टिळकांची पदे बसवणारा तरुण, वर्गणीचा चोख हिशेब ठेवणारे खजिनदार ही तिथली उदाहरणे. वसईतल्या एखाद्या धर्मग्रामात दृढीकरणाची तयारी करणारी मुले सुज्ञता, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचे भय अशी सात दाने पाठ म्हणून दाखवतात. आणि पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या पेंटेकॉस्टल सभेत दाने म्हणजे अन्य भाषांतली प्रार्थना, आजाऱ्यांवर हात ठेवून मागितलेले आरोग्य आणि भर सभेत कोणाला तरी सुचलेला संदेश.

तिन्ही ठिकाणी बायबल एकच आहे, आणि तिन्ही ठिकाणची माणसे मनापासून बोलतात. तरीही एकमेकांबद्दल त्यांच्या मनात शंका असतात. पहिल्यांना तिसऱ्यांचा गलका वाटतो, तिसऱ्यांना पहिल्यांची मंडळी थंड वाटते, आणि दुसऱ्यांना वाटते की संस्कारांची शिस्त नसेल तर दोघेही भरकटतील. विवाहसंबंध, नातीगोती, एकाच गावातली दफनभूमी या सगळ्यांमुळे मराठी ख्रिस्ती समाज एकमेकांत गुंतलेला आहे. त्यामुळे हा मतभेद पुस्तकांपुरता राहत नाही, तो घराघरांत पोहोचतो. मुलगा नव्या मंडळीत जाऊ लागला की आईवडिलांच्या जेवणाच्या ताटावर तोच विषय निघतो.

आत्मिक दानांचा अभ्यास सुरू करणाऱ्याला म्हणूनच आधी एक प्रश्न बाजूला काढून ठेवावा लागतो. ‘ही दाने आजही मिळतात की प्रेषितांबरोबर संपली?’ या प्रश्नावर शतकानुशतके वाद झाले. पण नव्या करारात जिथे जिथे दानांचा विषय सविस्तर आला आहे, तिथे भर दुसऱ्याच प्रश्नावर आहे : दान कोणाच्या उपयोगी पडले, आणि ते खरे की खोटे हे कोणी ठरवायचे? या प्रस्तावनेची मांडणी त्याच प्रश्नाभोवती आहे. दान एका माणसाला मिळते, पण त्याची साक्ष ज्यांना त्याचा लाभ झाला त्यांनी द्यायची असते आणि त्याची पारख सगळ्या मंडळीने करायची असते. ही अट जिथे पाळली गेली तिथे दानांनी मंडळी उभ्या केल्या. जिथे ती सुटली तिथे त्याच दानांवरून मंडळी फुटल्या.

या विषयावरचा सर्वांत सविस्तर जुना मजकूर एका भांडणातूनच जन्माला आला. इ. स. ५५ च्या सुमारास पौल इफिसमध्ये होता. समुद्रापलीकडच्या करिंथहून त्याच्याकडे ख्लोवेच्या घरची माणसे आली. मंडळीत तट पडल्याचे त्यांनी सांगितले. शिवाय करिंथकरांनी स्वतःही काही प्रश्न लिहून पाठवले होते. करिंथ हे नव्याने वसलेले शहर होते. रोमनांनी इ. स. पू. १४६ मध्ये ते जमीनदोस्त केले, आणि तब्बल शंभर वर्षांनी, इ. स. पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने तिथे वसाहत उभी केली. वसवलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेल्यांचा भरणा मोठा होता. लेखेऊम आणि किंख्रिया अशी दोन बंदरे, दोन समुद्रांमधला व्यापार आणि नव्याने हाती आलेला पैसा. अशा गावात माणूस कोणत्या घराण्यातला यापेक्षा तो लोकांत किती उठून दिसतो याला भाव असतो.

पौलाने इथे दीड वर्ष काढले होते. अक्विला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तो तंबू शिवायचे काम करी. त्याला ज्या गल्लियो सुभेदारापुढे उभे केले गेले, त्याचे नाव डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखात आहे. त्यावरून हा काळ इ. स. ५१ च्या आसपासचा ठरतो. पौलाने तिथे जमवलेली मंडळी संमिश्र होती. काहींची घरे सभा भरण्याइतकी मोठी होती, तर बरेचजण कष्टकरी आणि गुलाम होते. प्रभुभोजनाच्या वेळी सधन मंडळी आधी येऊन पोटभर जेवत, आणि कामावरून उशिरा सुटणारे उपाशी राहत. अकराव्या अध्यायात पौल यावरच संतापलेला दिसतो. दानांचा विषय त्याने लगेच पुढच्या अध्यायात घेतला आहे. दोन्ही ठिकाणी दुखणे एकच होते. ताटावर जे चालले होते तेच प्रार्थनेत चालले होते. ज्यांना अन्य भाषांत बोलता येई ते स्वतःला वरच्या पायरीवरचे समजू लागले होते, आणि बाकीच्यांना आपण या मंडळीचे कोणीच नाही असे वाटू लागले होते.

पौलाने यावर शरीराचा दाखला दिला. तो आज इतका परिचयाचा आहे की त्याची धार जाणवत नाही. ती जाणवायला रोमन जगात आधीपासून चालत आलेली एक गोष्ट माहीत हवी. लिव्हीच्या इतिहासात ती आहे. रोमचे सामान्य लोक बंड करून शहराबाहेर जाऊन बसले, तेव्हा मेनेनियस अग्रिप्पा नावाच्या सरदाराने त्यांना समजावले. हातपायांनी पोटाविरुद्ध संप केला आणि शेवटी सगळेच शरीर खंगले, असा त्या गोष्टीचा सारांश आहे. कष्टकऱ्यांनी मुकाट कामावर परत यावे, हा तिचा रोख. पौलाने तेच शरीर घेतले आणि रोख उलटा फिरवला. जे अवयव दुर्बळ वाटतात ते अधिक गरजेचे आहेत, ज्यांना कमी मान आहे त्यांनाच देवाने अधिक मान दिला आहे, असे तो म्हणतो. समज दिली जाते ती वरच्यांना. करिंथच्या सधन घरात, सर्वांसमोर हे पत्र मोठ्याने वाचले गेले असेल, तेव्हा मागे उभ्या असलेल्या गुलामाने ते कसे ऐकले असेल, याचा वाचकाने विचार करावा.

आता याद्यांकडे वळू. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आरंभी नऊ दाने येतात : ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, आजार बरे करणे, अद्भुत कृत्ये, संदेश देणे, आत्मे ओळखणे, भाषा बोलणे आणि भाषांचा अर्थ सांगणे. त्याच अध्यायाच्या शेवटी यादी बदलते. तिथे प्रेषित, संदेष्टे आणि शिक्षक आधी येतात. ‘साहाय्य’ आणि ‘व्यवस्था’ ही दोन दाने नव्याने दाखल होतात, आणि भाषा सर्वांत शेवटी जातात. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सात दाने आहेत. संदेश सोडला तर तिथे सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारपण आणि दया अशी रोजच्या व्यवहारातली कामे आहेत. भाषांचा आणि आरोग्यदानाचा तिथे उल्लेखही नाही. इफिसकरांस पत्रात दाने म्हणून माणसेच दिली आहेत : प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर सगळा पसारा दोनच कप्प्यांत बसवला आहे. एकात बोलण्याची दाने आहेत, दुसऱ्यात सेवा करण्याची.

कॅथलिक परंपरेतली सात दाने यांहून निराळी. त्यांचा उगम यशयाच्या अकराव्या अध्यायात आहे. येणाऱ्या राजावर परमेश्वराचा आत्मा कसा उतरेल याचे ते वर्णन आहे. हिब्रू मुळात सहा गुण मोजता येतात. जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांत भक्तीची भर पडून ते सात झाले. ही सात दाने प्रत्येक विश्वासणाऱ्याच्या अंतःकरणाच्या घडणीसाठी मानली जातात. पौलाच्या याद्यांतली दाने निरनिराळ्या माणसांना इतरांच्या सेवेसाठी मिळतात. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हा भेद नीट मांडून ठेवला. तो ध्यानात असला की वसईचा मुलगा आणि पिंपरीचा तरुण एकाच विषयावर भांडत नाहीत, हे पटकन उमगते.

याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि आपली यादी पूर्ण आहे असा दावा त्यांतली एकही करत नाही. रोमकरांस पत्र तर पौलाने करिंथमध्ये बसूनच लिहिले असे बहुतेक अभ्यासक मानतात. गायसच्या घरी त्याचा मुक्काम होता, आणि शहराचा खजिनदार एरास्त त्या पत्रातून सलाम पाठवतो. भाषांवरून ज्या गावात रणे माजली त्याच गावात बसून पौल दुसऱ्या मंडळीला दाने समजावतो, आणि दया, दानधर्म व पुढारपण यांची नावे घेतो. त्याच्यापुढे प्रश्न मंडळीच्या गरजेचा होता, आणि गरजेप्रमाणे यादी बदलत गेली.

चौदाव्या अध्यायात पौल नियम घालून देतो. ते एखाद्या अनुभवी सभाध्यक्षाने घालावेत इतके व्यवहारी आहेत. अन्य भाषेत बोलायचे तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा कोणी नसेल तर बोलणाऱ्याने गप्प बसावे आणि देवाशी मनात बोलावे. संदेश देणारेही दोघे-तिघेच असावेत. त्यांचे बोलणे झाले की बाकीच्यांनी त्याची पारख करावी. दुसऱ्याला काही सुचले तर पहिल्याने थांबावे. बाहेरचा माणूस आत आला आणि सगळेच एकदम न कळणाऱ्या भाषांत बोलत असले, तर त्याला ही माणसे वेडी वाटतील, ही काळजीही त्याने बोलून दाखवली आहे. स्वतः पौल भाषांत बोलत असे आणि तसे तो सांगतोही. पण सभेत त्याला कळणारे थोडके शब्द अधिक मोलाचे वाटतात. ज्याला सर्वांत जास्त बोलता येत होते त्यानेच मर्यादा घातली, म्हणून ती करिंथकरांच्या पचनी पडण्याची शक्यता होती.

पारख कशी होते याचे सर्वांत बोलके चित्र प्रेषितांच्या कृत्यांत आहे. यापो या बंदरात तबीथा नावाची शिष्या राहत असे. ग्रीक बोलणारे तिला दुर्कस म्हणत. ती आजारी पडून वारली. पेत्र लोदहून आला तेव्हा त्याला माडीवर नेण्यात आले. तिथे विधवा रडत उभ्या होत्या, आणि तबीथाने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्या त्याला दाखवत होत्या. पुढे घडलेल्या चमत्कारामुळे हा तपशील मागे पडतो. पण दानाची साक्ष म्हणजे काय, ते इथे हातात धरून दाखवलेले आहे. तबीथाने स्वतःच्या दानाबद्दल एक शब्दही बोलल्याचे त्या पुस्तकात नाही. बोलतात त्या तिने शिवलेले कपडे मिळालेल्या बायका, आणि पुरावा म्हणून पुढे करतात ते कपडे.

त्याच पुस्तकात उलटे उदाहरणही आहे. शोमरोनमधला शिमोन जादूगार पेत्र आणि योहान यांच्यापुढे पैसे ठेवतो. ज्याच्यावर आपण हात ठेवू त्याला पवित्र आत्मा मिळावा, असा अधिकार त्याला विकत हवा असतो. त्याच्या मागणीत कोणाचे भले होईल हा विचार कुठेच नाही. पेत्राने त्याला कठोर शब्दांत झिडकारले. चर्चमधली पदे विकण्याच्या गुन्ह्याला पुढे युरोपात याच शिमोनाचे नाव पडले.

दुसऱ्या शतकाकडे वळले की पारख करण्याची गरज अधिकच वाढलेली दिसते. ‘डिडाखे’ या नावाची एक जुनी ख्रिस्ती नियमपुस्तिका आहे. तिचे हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि ते दहा वर्षांनी छापले गेले. गावोगाव फिरणाऱ्या प्रेषितांचे व संदेष्ट्यांचे स्वागत कसे करावे, याच्या सूचना तीत आहेत. पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तोही खोटा. आत्म्याच्या नावाने जेवणाचे ताट मांडायला सांगून स्वतःच त्यावर बसणाराही खोटाच. हे नियम ज्यांनी लिहिले त्यांनी असे पाहुणे पाहिलेले असणार. संदेष्टे नकोत असे मात्र त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. खऱ्या संदेष्ट्याला पिकातला पहिला वाटा द्यावा, असे तीच पुस्तिका सांगते.

याच शतकात फ्रिगियात मोंटानस आणि त्याच्यासोबत प्रिस्का व मॅक्सिमिल्ला या दोन स्त्रिया पुढे आल्या. आपल्या तोंडून थेट आत्मा बोलतो, असा त्यांचा दावा होता. टर्टुलियनसारखा मोठा लेखक त्यांच्या बाजूला गेला. आशिया मायनरमधल्या बिशपांनी त्यांना नाकारले. या प्रकरणानंतर संदेशाच्या दानाबद्दल चर्चचा हात आखडला आणि पारखीचे काम अधिकाधिक बिशपांकडे गेले. त्यातून शिस्त आली. पण सामान्य माणसाच्या दानाकडे लक्ष देण्याची सवयही त्याबरोबर ओसरत गेली, हे मान्य करायला हवे.

चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान क्रिसोस्तोम करिंथकरांस पत्रावर प्रवचने देत होता. बारावा अध्याय समजायला अवघड जातो, कारण तेव्हा जे घडत होते ते आता घडत नाही, असे त्याने श्रोत्यांना मोकळेपणाने सांगितले. ऑगस्टीनचेही सुरुवातीला असेच मत होते. नंतर हिप्पोत बिशप असताना त्याच्या डोळ्यांसमोर लोक बरे झाल्याच्या घटना आल्या, आणि त्याने त्या लेखी नोंदवून घ्यायला सुरुवात केली. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात तो सांगतो की दोन वर्षांच्या आत एकट्या हिप्पोत सत्तरच्या जवळपास निवेदने जमली. ती लोकांसमोर वाचली जात. उत्तरायुष्यात आपल्या जुन्या मताला त्याने मुरडही घातली. इथेही पद्धत पाहण्यासारखी आहे. बरे झालेल्याचे निवेदन घ्यायचे, ते लिहायचे, आणि ज्या गावात तो माणूस सर्वांच्या ओळखीचा आहे त्याच गावात ते वाचून दाखवायचे. खोटे असेल तर तिथल्या तिथे उघडे पडेल.

गोव्याच्या भूमीशी जोडलेले एक उदाहरण या विषयात फार शिकवून जाते. फ्रान्सिस झेवियर मे १५४२ मध्ये गोव्यात उतरला. १६२२ मध्ये त्याला संतपद मिळाले, आणि पुढच्या वर्षी निघालेल्या पोपच्या जाहीरनाम्यात भाषांचे दान त्याच्या नावावर मांडले गेले. न शिकलेल्या भाषा तो बोलत असे, ही श्रद्धा युरोपभर पसरली. त्याची स्वतःची पत्रे मात्र वेगळे सांगतात. दक्षिणेच्या मोती-किनाऱ्यावर तो पोहोचला तेव्हा तिथल्या लोकांची तमिळ त्याला येत नव्हती आणि त्यांना त्याची भाषा समजत नव्हती. त्याने दोन्ही भाषा जाणणारी माणसे गोळा केली. त्यांच्या मदतीने खूप खटपट करून प्रार्थना व विश्वासाचे अंगीकार तमिळमध्ये उतरवून घेतले, आणि ते तोंडपाठ केले. मग हातात घंटा घेऊन तो वस्तीतून हिंडे, मुले जमवी आणि पाठ केलेले त्यांना शिकवी. जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकात त्याच्या अवशेषांपुढे आज जे हजारो लोक उभे राहतात, त्यांच्यापैकी अनेकांनी ही घंटेची हकीकत ऐकलेली असते. त्या घंटेमागे दुभाषे होते, घोकंपट्टी होती आणि चुकत-माकत बोलण्याची तयारी होती. शिकवण्याच्या दानाचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधायला लांब जावे लागणार नाही.

विसाव्या शतकाचा आरंभ हा या विषयाचा दुसरा मोठा टप्पा. त्याची हकीकत सहसा अमेरिकेतून सांगितली जाते. १९०१ च्या पहिल्या दिवशी कॅन्ससमधल्या टोपीका इथे ॲग्नेस ओझमन ही विद्यार्थिनी अन्य भाषांत बोलू लागली. एप्रिल १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सिमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाभोवती मोठी जागृती झाली. सिमूरचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले होते. वर्णभेदाच्या त्या काळात पडीक इमारतीतल्या त्या सभेत गोरे आणि काळे एकत्र गुडघे टेकत. पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम तिथे शोधला जातो. अलीकडच्या अभ्यासकांनी मात्र या हकीकतीत केडगावचे नाव ठळकपणे घातले आहे.

पुणे जिल्ह्यातल्या या केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी मध्य प्रांत व गुजरातमधून उपाशी मुली आणि विधवा आणल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेला जमण्यासाठी मुलींना साद घातली. सुरुवातीला सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशे झाली. जूनच्या अखेरीस, पहाटेच्या वेळी, वसतिगृहातल्या एका मुलीला आपण अग्नीने वेढले गेलो आहोत असा अनुभव आला. तिच्याजवळ झोपलेल्या मोठ्या मुलीला ती खरोखरच पेटल्यासारखी दिसली. ती धावत पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार इतक्यात तिला कळले की आग लागलेली नाही. त्यानंतर दिवसचे दिवस पश्चात्ताप, रडणे, मोठमोठ्याने प्रार्थना असे चालले. अन्य भाषांत प्रार्थना झाल्याच्या नोंदी पुढच्या काळातल्या आहेत. मिनी अब्राम्स या रमाबाईंच्या अमेरिकन सहकारी होत्या. त्यांनी १९०६ मध्ये या अनुभवांवर एक पुस्तिका लिहिली. ती त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे, चिलीतल्या वालपारायसोला, पोहोचली. त्या मैत्रिणीचे पती विलिस हूवर हे मेथॉडिस्ट पाळक होते. १९०९ मध्ये तिथे जागृती झाली आणि चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची सुरुवात झाली. दौंड तालुक्यात जे सुरू झाले त्याचा धागा असा थेट दक्षिण अमेरिकेत पोहोचला.

मुक्तीची हकीकत इथेच थांबवली तर ती अर्धीच राहील. ज्या अंगणात त्या प्रार्थना झाल्या, तिथेच विणकाम चाले, शेती आणि गोठा होता, तेलाची घाणी होती, अंध मुलींना ब्रेलमध्ये वाचायला शिकवले जाई, आणि छापखाना चाले. शेकडो तोंडांना रोज दोन वेळचे जेवण पुरवणे हे ‘व्यवस्था’ नावाच्या दानाशिवाय एक दिवसही शक्य नव्हते. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवण्याचे काम त्यांनी अनेक वर्षे केले. १९२२ मध्ये त्या वारल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच जुळवलेल्या आणि छापलेल्या त्या संपूर्ण बायबलचे काम १९२४ मध्ये पुरे झाले. अन्य भाषांत बोलणे हेच आत्म्याने भरल्याचे एकमेव लक्षण, असा आग्रह मुक्तीत धरला गेला नाही. मुलींच्या अनुभवांचा उपहास करणाऱ्यांना रमाबाईंनी उत्तर दिले, आणि दुसऱ्या दिवशी घाणी, माग आणि छापखाना नेहमीसारखाच चालू राहिला. पौलाच्या नऊ दानांची यादी आणि रोमकरांस पत्रातली सात दानांची यादी एकाच आवारात नांदताना पाहायची असेल, तर मराठी वाचकाने करिंथपर्यंतही जायला नको.

याच पिढीतले नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधीच मराठी कवी म्हणून त्यांचे नाव झालेले होते, आणि ती लेखणी त्यांनी मंडळीच्या हाती दिली. सभेला येताना प्रत्येकजण काही ना काही आणतो, असे पौल चौदाव्या अध्यायात म्हणतो, आणि त्यात स्तोत्राचे नाव पहिले घेतो. मराठी मंडळीला स्वतःच्या चालीत, अभंगाच्या वळणाने गायला मिळाले ते टिळकांमुळे. या दानाची पारख शंभरहून अधिक वर्षे दर रविवारी होत आली आहे. ज्यांना वाचता येत नाही अशा आज्याही ती पदे पाठ म्हणतात.

कॅथलिक चर्चमध्ये हा विषय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उघडपणे चर्चेला आला. ऑक्टोबर १९६३ मध्ये पालेर्मोचे कार्डिनल रुफिनी यांनी अशी दाने आरंभीच्या काळातली, आज विरळ, असे मत मांडले. बेल्जियमचे कार्डिनल सुएनेन्स यांनी त्याला उत्तर दिले. प्रत्येक धर्मग्रामात सामान्य स्त्रीपुरुषांना दाने मिळालेली आहेत आणि त्यांच्याविना चर्च अपुरे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. नोव्हेंबर १९६४ मध्ये निघालेल्या चर्चविषयक दस्तऐवजाच्या बाराव्या परिच्छेदात सुएनेन्स यांची भूमिका उतरली. दाने सर्व थरांतल्या श्रद्धावंतांना मिळतात, ती कृतज्ञतेने स्वीकारावीत, त्यांच्या खरेपणाचा निवाडा चर्चच्या अधिकाऱ्यांनी करावा, पण आत्म्याला विझवू नये, असा समतोल तिथे साधलेला आहे. १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या साधना-शिबिरातून कॅथलिक करिश्मॅटिक चळवळ सुरू झाली, आणि काही वर्षांतच ती मुंबईत पोहोचली.

आजच्या मंडळीपुढचे प्रश्न या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतात. पहिला आरोग्यदानाचा. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे हे चर्चचे जुने काम आहे, आणि त्यातून बळ मिळालेली माणसे प्रत्येक मंडळीत भेटतात. मात्र प्रार्थनेच्या जोरावर मधुमेहाची किंवा क्षयाची औषधे बंद करायला सांगणारा उपदेशक माणसाच्या जिवाशी खेळतो. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उघडले. तिथे शस्त्रक्रिया आणि प्रार्थना एकाच छपराखाली होत. दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या पिढ्यांना तिथे जो गुण आला, तो आरोग्याच्या दानात धरायला कोणतीच अडचण नसावी. दुसरा प्रश्न पैशांचा. ज्या सभेत दान आणि देणगी यांची सरमिसळ होते, तिथे डिडाखेतला नियम आजही लागू करून बघावा.

तिसरा प्रश्न दान ओळखण्याचा. अनेक मंडळ्यांत आता प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. शंभरेक प्रश्नांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि आपले दान कोणते ते काढायचे. संकोची माणसाला यातून धीर येतो, तेवढा त्यांचा उपयोग आहे. पण त्यात माणूस स्वतःलाच गुण देतो. यापोच्या विधवांना विचारले असते तर तबीथाचे दान कोणते हे त्यांनी एका क्षणात सांगितले असते. स्वतः तबीथाने कागदावर काय खूण केली असती, कोण जाणे. पाळकांनी आणि वडीलमंडळाने वर्षातून एकदा सभासदांनाच विचारावे : यंदा तुमच्या अडचणीत कोण धावून आले, कोणाच्या बोलण्याने धीर आला, कोणामुळे वचन समजले? येणारी नावे पुष्कळदा व्यासपीठावर कधीच न दिसलेल्यांची असतील.

हे मराठी मंडळीच्या इतिहासालाही लागू आहे. १८४२ पासून निघालेल्या ‘ज्ञानोदय’चे अंक, मिशनचे वार्षिक अहवाल, मंडळ्यांच्या सभांची इतिवृत्ते असा मोठा ऐवज उपलब्ध आहे. त्यात परदेशी मिशनऱ्यांची नावे पूर्ण सापडतात. घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या बायबल वूमन, दुष्काळात अनाथ मुले सांभाळणाऱ्या बाया आणि रात्रीच्या शाळा चालवणारे शिक्षक यांची ओळख अनेकदा पहिल्या नावावर किंवा नुसत्या हुद्द्यावर संपते. पौलाने रोमकरांस पत्राच्या शेवटी किंख्रियाच्या फीबीपासून सुरुवात करून दोन डझनांहून अधिक माणसांची नावे घेतली, आणि कित्येकांच्या पुढे त्यांनी काय केले तेही लिहिले. सोलापूर, जालना, वाई आणि राहुरीच्या मंडळ्यांत अशी यादी अजूनही करता येईल. आपल्या आजीला कोणी अक्षर शिकवले हे आठवणारी माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याशी बोलून ती नावे उतरवून घेण्याचे काम तरुण संघांनी आणि महिला मंडळांनी याच वर्षी हाती घ्यावे.